३४ लाख प्रती खपल्या, तरी गेम ‘पडला’: ट्रिपल ए गेमचा हिशेब

मार्च २०१३च्या पहिल्या आठवड्यात ‘टूम रेडर’ हा गेम नव्या अवतारात बाजारात आला. लारा क्रॉफ्ट पुन्हा एकदा विशीतली, फुटलेलं जहाज, जपानजवळचं एक भयाण बेट. समीक्षकांनी कौतुक केलं आणि महिना संपायच्या आत ३४ लाख प्रती विकल्या गेल्या. महिनाअखेरीस मात्र गेमची मालक असलेल्या टोकियोच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीने जाहीर केलं, की विक्री अपेक्षेइतकी झालेली नाही आणि वर्ष तोट्यात जाणार. त्याच वेळी कंपनीचे अध्यक्ष योइची वाडा पायउतार होत असल्याचंही कळलं.

तीन आठवड्यांत ३४ लाख लोक पूर्ण किंमत मोजून एखादी गोष्ट विकत घेतात, आणि ती बनवणारे डोक्याला हात लावून बसतात. हे कसं काय, याचं उत्तर सापडलं की ‘ट्रिपल ए’ म्हणजे काय हेही समजतं.

गेम खेळणाऱ्यांच्या गप्पांत हा शब्द सतत येतो. ‘ट्रिपल ए आहे, पीसी झेपेल का बघ.’ ‘ट्रिपल ए असून इतके बग?’ बोलण्याचा सूर असा, की जणू कोणीतरी परीक्षा घेऊन हे तीन ‘ए’ दिले आहेत. तसं काही नाही. आयएसआय शिक्का देणारी संस्था असते, चित्रपटाला प्रमाणपत्र देणारं मंडळ असतं. ट्रिपल ए ठरवणारं कुठलंही मंडळ जगात नाही. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या गेम उद्योगात हा शब्द रुळला. कर्जरोख्यांना मिळणाऱ्या सर्वोच्च पतमानांकनावरून तो उचलला असं सांगतात. दुकानदारांना आणि गुंतवणूकदारांना ‘यावर आम्ही सर्वांत जास्त पैसा लावलाय’ हे थोडक्यात सांगायला तो सोयीचा होता.

कोणी ठरवत नाही म्हटल्यावर ज्याला वाटेल तो वाटेल ते म्हणू शकतो. फेब्रुवारी २०२४मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा ‘स्कल अँड बोन्स’ आला. चाचेगिरीचा हा गेम २०१७मध्ये जाहीर झाला होता आणि वर्षानुवर्षं पुढे ढकलला जात होता. ऑनलाइन खेळायच्या गेमला ७० डॉलर का, असा प्रश्न गुंतवणूकदारांच्या बैठकीत आला, तेव्हा कंपनीचे प्रमुख इव्ह गिलेमो यांनी तो ‘क्वाड्रुपल ए’ असल्याचं सांगितलं. म्हणजे चार ए. गेम खेळून पाहिल्यावर लोकांनी त्या चौथ्या ‘ए’ची इतकी टर उडवली, की आता हा शब्द चेष्टेपुरताच उरलाय.

तरीही ट्रिपल ए ही गोष्ट खरी आहे, आणि ती ओळखता येते. फक्त ती पडद्यावर शोधायची नसते, वहीखात्यात शोधायची असते. माझ्या मते तीन आकडे पाहावेत: किती माणसं, किती वर्षं, आणि नुसता खर्च निघायला किती प्रती खपाव्या लागतात. तिसरा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा, पण पहिल्या दोघांशिवाय तो कळत नाही.

पैसा जातो कुठे? गेममध्ये सेट उभारायचा नसतो, हेलिकॉप्टर भाड्याने आणायचं नसतं. खर्चाचा सिंहाचा वाटा पगारांचा असतो. या धंद्यातले लोक हिशेब करतात तो माणूस-महिन्यांत: एक माणूस एक महिना कामाला ठेवायचा तर पगार, जागा, संगणक, सॉफ्टवेअर, विमा सगळं धरून किती लागतील? अमेरिका-युरोपात वर्षानुवर्षं ढोबळ आकडा दहा हजार डॉलर धरला जायचा. कॅलिफोर्नियासारख्या महागड्या ठिकाणी आता तो बराच वर गेलाय.

हा हिशेब ताडून पाहायची संधी जून २०२३मध्ये अचानक मिळाली. एरवी गेमचं बजेट हे या उद्योगातलं सर्वांत जपलेलं गुपित. चित्रपटांचे आकडे खरे-खोटे का होईना पण छापून येतात, इथे तेही नाही. मायक्रोसॉफ्टने ‘कॉल ऑफ ड्यूटी’वाली अ‍ॅक्टिव्हिजन कंपनी विकत घ्यायचं ठरवलं, अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाने त्याविरुद्ध सॅन फ्रान्सिस्कोत दावा लावला, आणि त्या दाव्यात सोनीला काही कागद दाखल करावे लागले. गोपनीय आकड्यांवर कोणीतरी काळ्या मार्करने रेघा मारल्या. कागद स्कॅन केल्यावर शाईखालची अक्षरं सरळ वाचता येत होती! शेकडो कोटींची गुपितं एका मार्करच्या भरवशावर सोडली होती, हे आठवलं की मला आजही हसू येतं.

त्या रेघांखाली होतं असं: ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’चा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर, ऐन भरात असताना साधारण २०० माणसं. ‘हॉरायझन फॉरबिडन वेस्ट’चा खर्च २१.२ कोटी डॉलर, पाच वर्षं, ३०० माणसं. हा दुसरा गेम अ‍ॅमस्टरडॅमच्या गरिला स्टुडिओचा. आता गणित करू. ३०० माणसं गुणिले ६० महिने म्हणजे १८ हजार माणूस-महिने. २१.२ कोटींना त्याने भागलं की दर माणूस-महिन्याला पावणेबारा हजार डॉलरच्या आसपास येतात. सुरुवातीला माणसं कमी असतात आणि शेवटी बाहेरून कामं करून घेतली जातात, त्यामुळे हा भागाकार काटेकोर नाही. पण अंदाज नेमका बसतो. एखाद्या गेमचं बजेट कळत नसेल तर किती माणसं आणि किती वर्षं एवढं शोधा, आकड्याच्या जवळपास पोचता येतं.

रुपयांत सांगायचं तर २० कोटी डॉलर म्हणजे डॉलरला ८५ रुपये धरून १,७०० कोटी रुपये. यात जाहिरात धरलेली नाही.

इतकी माणसं पाच वर्षं करतात तरी काय? ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा २०१८चा गेम घ्या. अमेरिकेतला १८९९ सालचा सरता काऊबॉय-काळ, आणि त्यात मनसोक्त भटकायला सोडलेला खेळाडू. सुमारे आठ वर्षं काम चाललं होतं. बनवणाऱ्यांनीच सांगितलेल्या आकड्यांप्रमाणे त्यात ३ लाख अ‍ॅनिमेशन आहेत, संवादांच्या ५ लाख ओळी आहेत आणि अंगाला सेन्सर लावून हालचाली टिपण्यासाठी १,२०० कलाकार वापरले. त्यांपैकी ७०० जणांना संवाद होते. थंड प्रदेशात गेलं की घोड्याचे वृषण आकसतात, हा तपशीलही कोणीतरी बसून बनवलाय. बहुतेक खेळाडूंनी तो बातमीत वाचला, खेळताना पाहिला नसेल.

मुद्दा हा, की खेळाडू कुठे जाईल हे माहीत नसतं. चित्रपटात कॅमेरा जिथे पाहतो तेवढंच रंगवावं लागतं. मोकळ्या जगाच्या गेममध्ये खेळाडू दाराकडे न जाता माडीवर जाईल, माडीवरच्या कपाटात डोकावेल, खिडकीतून उडी मारून खाली बसलेल्या कुत्र्याला गोंजारेल. यातली प्रत्येक शक्यता कोणाच्या तरी टेबलावरून गेलेली असते: एकाने कपाट काढलं, दुसऱ्याने लाकडाचा पोत चढवला, तिसऱ्याने दार उघडताना हात कसा दिसेल ते ठरवलं, चौथ्याने कुरकुरण्याचा आवाज घातला, पाचव्याने ते दार दोनशे वेळा उघडून पाहिलं. पडदे जितके स्पष्ट होत गेले तितकं हे काम वाढलं. १९९७ साली वीटकामाचं एक धूसर चित्र भिंतीवर चिकटवलं की भिंत झाली. आज त्या भिंतीवर ओल आलेली दिसावी लागते, आणि ती पावसानंतर वेगळी दिसावी लागते.

ही माणसं एका छताखालीही नसतात. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या २०१४च्या गेमवर युबिसॉफ्टच्या दहा स्टुडिओंनी मिळून काम केलं. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळचं पॅरिस सुंदर उभं राहिलं, पण पहिल्या दिवशी काही पात्रांचे चेहरेच दिसत नव्हते. हवेत तरंगणारे डोळे आणि दात तेवढे शिल्लक. त्या चित्रांवर आजही विनोद होतात.

या जागतिक वाटणीत आपणही आहोत, आणि बऱ्याच आधीपासून आहोत. १९९७मध्ये सुरू झालेली बंगळुरूची ध्रुव इंटरॅक्टिव्ह कंपनी परदेशी गेमसाठी गाड्या, इमारती, झाडं बनवून द्यायची. २०१९मध्ये ‘रेड डेड’ बनवणाऱ्या रॉकस्टारने ती विकत घेऊन आपल्या बंगळुरूच्या स्टुडिओत सामावून घेतली. युबिसॉफ्टने २००८मध्ये पुण्यातला स्टुडिओ गेमलॉफ्टकडून घेतला, २०१८मध्ये मुंबईत दुसरा काढला. शेफिल्डच्या सुमो डिजिटलनेही पुण्यात बस्तान बसवलं. मोठा गेम संपल्यावर जी अर्धा-अर्धा तास नामावली सरकत राहते, ती एकदा न टाळता पाहा. कुलकर्णी, शिंदे, पाटील भेटतात. टेस्टिंगच्या रकान्यात जास्त, पण आता कला आणि प्रोग्रॅमिंगच्या रकान्यांतही.

पुण्या-मुंबईच्या त्या स्टुडिओंना एक मोठी संधी आली होती. सप्टेंबर २०२०मध्ये युबिसॉफ्टने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ नव्याने बनवत असल्याचं जाहीर केलं, आणि नेतृत्व भारतातल्या दोन स्टुडिओंकडे आहे असं सांगितलं. पहिला व्हिडिओ पाहून जगभरच्या लोकांनी चित्रं जुनाट दिसतात म्हणून नाकं मुरडली. तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि मे २०२२मध्ये काम युबिसॉफ्टच्याच कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओकडे सोपवलं गेलं. २००३चा मूळ गेम तिथेच बनला होता. काही लोकांनी याचा अर्थ ‘भारतीयांना जमलं नाही’ असा काढला. मला तो आळशी निष्कर्ष वाटतो. दुसऱ्याने आखलेल्या गेमचे तुकडे उत्तम बनवणं आणि अख्खा गेम स्वतः आखून तडीस नेणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. दुसरं कौशल्य एकामागोमाग एक गेम पूर्ण करूनच येतं, आणि माँट्रियलला त्यासाठी अनेक वर्षं आणि बरेच बरे-वाईट गेम मिळाले होते.

आता जाहिरात. इथे आकडे ऐकून भोवळ येते. २००९च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’बद्दल लॉस एंजेलिस टाइम्सने दिलेली माहिती अशी: गेम बनवायला ४ ते ५ कोटी डॉलर, आणि जाहिरात, डिस्क छापणं, दुकानांत पोचवणं हे सगळं धरून २० कोटी. बनवण्याच्या तिप्पट-चौपट खर्च तो लोकांच्या कानावर घालण्यात आणि हातात ठेवण्यात. डिस्कचा खर्च आता कमी झालाय, जाहिरातीचा नाही. खर्चाइतकीच जोखीम तारखेची असते. टीव्हीवरच्या जागा, मेट्रो स्टेशनावरचे फलक, दुकानांशी झालेले करार सगळं त्या एका तारखेला बांधलेलं असतं. गेम कच्चा आहे हे आत सगळ्यांना ठाऊक असतं, पण तारीख बदलणं म्हणजे पत्रिका वाटून झाल्यावर लग्न पुढे ढकलणं. म्हणून अर्धेकच्चे गेम बाजारात येतात आणि पहिल्याच दिवशी भलीमोठी दुरुस्तीची फाइल डाउनलोड करावी लागते.

या दोन्ही गोष्टी ठाऊक झाल्या की तिसऱ्या आकड्याकडे येता येतं. समजा एक गेम बनवायला २० कोटी डॉलर लागले आणि जाहिरातीला १० कोटी. किंमत ७० डॉलर. ऑनलाइन दुकान, मग ते स्टीम असो की प्लेस्टेशनचं, साधारण ३० टक्के ठेवून घेतं. पब्लिशरच्या, म्हणजे पैसा लावणाऱ्या कंपनीच्या, हाती राहतात ४९ डॉलर. ३० कोटी भागिले ४९ म्हणजे ६१ लाखांहून जास्त प्रती. एवढ्या खपल्या की फक्त घातलेले पैसे परत आले, नफा शून्य. आणि या ६१ लाख प्रती पूर्ण किमतीला खपायला हव्यात. प्रत्यक्षात अनेक जण सहा महिने थांबून अर्ध्या किमतीत घेतात. आपल्याकडे तर चार-पाच हजारांच्या गेमसाठी सेलची वाट पाहणं हा धर्मच आहे. म्हणजे प्रत्यक्ष गरज आणखी मोठी.

‘टूम रेडर’च्या ३४ लाखांचं कोडं इथे सुटतं. गेम वाईट नव्हता, विक्रीही कमी नव्हती. खर्च आणि अपेक्षा ज्या उंचीवर नेऊन ठेवल्या होत्या तिथून ३४ लाख छोटे दिसत होते. गंमत म्हणजे प्रती हळूहळू खपत राहिल्या आणि वर्ष संपेपर्यंत तो गेम नफ्यात आलाही. पण तोवर तोट्याची घोषणा होऊन गेली होती.

तेव्हापासून परिस्थिती आणखी ताणली गेलीय. मायक्रोसॉफ्टच्या त्याच खरेदीची चौकशी करताना ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने मोठ्या पब्लिशरांना खर्च विचारला. २०२३च्या अहवालात उत्तर आलं: पाच वर्षांपूर्वी मोठा गेम ५ ते १५ कोटी डॉलरमध्ये बनायचा, २०२४-२५मध्ये येणाऱ्या गेमना २० कोटी आणि त्याहून जास्त मंजूर झालेत. ‘कॉल ऑफ ड्यूटी’चं तर वेगळंच. कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात दाखल झालेल्या प्रतिज्ञापत्राप्रमाणे २०१५च्या ‘ब्लॅक ऑप्स ३’वर ४५ कोटी डॉलर, २०१९च्या ‘मॉडर्न वॉरफेअर’वर ६४ कोटी आणि २०२०च्या ‘कोल्ड वॉर’वर ७० कोटींहून जास्त खर्च झाला. यात गेम आल्यानंतर वर्षभर नवनवी भर घालण्याचा खर्चही आहे.

आणि किंमत? २००५च्या सुमारास ६० डॉलर, २०२०पासून ७०. खर्च कित्येक पटींनी वाढला आणि किंमत पंधरा वर्षांत दहा डॉलरने. हे अंतर भरून काढायला जे जे केलं जातं ते खेळाडूंना नेमकं आवडत नाही: जादा पैसे देऊन मिळणारे पोशाख, सीझन पास, ‘डीलक्स’ आवृत्ती, पूर्ण किंमत देऊनही आत उघडलेलं दुकान. कंपन्या लोभी आहेतच, त्यांची वकिली मी करणार नाही. पण नुसत्या लोभाने याचं पूर्ण उत्तर मिळत नाही.

दुसरा परिणाम जास्त खोल आहे. ६१ लाख माणसं कुठल्या एका गोष्टीवर एकमत होतील? जी त्यांनी आधी पाहिलीय. म्हणून क्रमांक लावलेले सिक्वेल, म्हणून जुन्या गेमना नवा रंग, म्हणून तोच भलामोठा नकाशा आणि त्यावर विखुरलेली तीच शंभर छोटी कामं. विचित्र कल्पना मोठ्या बजेटमध्ये टिकत नाही असं नाही, पण तिला तिथपर्यंत पोचायला फार बैठका पार कराव्या लागतात.

आता कुंपणावरचे गेम. यांच्यामुळेच या शब्दाची खरी मजा आहे.

केंब्रिजच्या निन्जा थिअरीने २०१७मध्ये ‘हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस’ काढला. मनोविकाराशी झगडणाऱ्या एका योद्धा स्त्रीची गोष्ट. चेहऱ्यावरचे भाव पाहिले तर २० कोटी डॉलरचा गेम वाटावा. बनवणारे होते साधारण वीस जण. मोशन कॅप्चरसाठी, म्हणजे हालचाली टिपण्यासाठी, महागडा स्टुडिओ न घेता त्यांनी ऑफिसातल्याच एका खोलीत मांडणी केली, आणि नायिकेचं काम स्टुडिओतल्याच व्हिडिओ एडिटरने केलं. तिला पुढे त्या कामासाठी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. किंमत ३० डॉलर, तीन महिन्यांत पाच लाख प्रती, खर्च वसूल. स्वतः त्यांनी याला ‘स्वतंत्र ट्रिपल ए’ म्हटलं. माझ्या तीन आकड्यांच्या कसोटीवर तो ट्रिपल ए नाही, आणि ते त्याचं भाग्यच. पाच लाखांत ज्याचं भागतं त्याला पाच लाख लोकांसाठीच गेम बनवता येतो.

उलट टोक ‘बॉल्डर्स गेट ३’. बेल्जियममधल्या गेंट शहराच्या लारियन स्टुडिओने स्वतः बनवला, स्वतः प्रकाशित केला. वर कोणी पब्लिशर नाही, म्हणून शब्दशः ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र. पण चारशेच्या वर माणसं, सहा वर्षं, दहा कोटी डॉलरच्या वर खर्च. याला इंडी म्हणणं म्हणजे टाटांना किराणा दुकानदार म्हणण्यासारखं आहे. माझ्या लेखी तो ट्रिपल ए. फरक एवढाच, की धोका पत्करायचा की नाही हे ठरवणारी माणसं गेम बनवणाऱ्यांतलीच होती, आणि २०२३मध्ये गेम हाती आल्यावर तो फरक पावलोपावली दिसला.

शांघायच्या मीहोयोचा ‘गेनशिन इम्पॅक्ट’ मोबाइलवर फुकट मिळतो, पण २०२०मध्ये तो बनवायला सुमारे १० कोटी डॉलर लागले होते. फुकट आहे, फोनवर आहे, म्हणून छोटा, हा समज इथे कोसळतो. ‘स्टार सिटिझन’ने २०१२पासून चाहत्यांकडूनच ७० कोटी डॉलरच्या वर गोळा केलेत आणि तो अजून ‘पूर्ण’ झालेला नाही. त्याला कुठल्या रकान्यात टाकायचं हे मला विचारू नका. दुसऱ्या बाजूला ‘स्टारड्यू व्हॅली’, शेतीचा साधा गेम. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चारेक वर्षं खपून २०१६मध्ये काढला. ४ कोटींहून जास्त प्रती गेल्या. बहुतेक ट्रिपल ए गेमनी स्वप्नातही न पाहिलेली विक्री, तरी त्याला कोणी ट्रिपल ए म्हणत नाही, आणि बरोबरच आहे. खप किती झाला यावर हे ठरत नाही, बनवण्याआधी किती पणाला लावलं होतं यावर ठरतं.

पैसा आणि गुणवत्ता यांची गल्लत दोन उदाहरणांनी सुटावी. वॉर्साच्या सीडी प्रोजेक्टचा ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२०ला आला. आगाऊ नोंदणीच ८० लाखांची होती, आणि तेवढ्याच कमाईत बनवण्याचा आणि जाहिरातीचा खर्च निघाल्याचं कंपनीने सांगितलं. जुन्या प्लेस्टेशनवर मात्र तो इतका रडतखडत चालायचा, की आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातूनच काढला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. जून २०२१पर्यंत तो तिथे परतला नाही. हिशेबाच्या वहीत यश, लोकांच्या तोंडी नाचक्की. पुढे अनेक दुरुस्त्या आणि २०२३ची नवी भर आल्यावर आज तो खरोखर चांगला गेम आहे.

सोनीच्या ‘काँकॉर्ड’ या ऑनलाइन गोळीबाराच्या गेमला तेवढीही संधी मिळाली नाही. २३ ऑगस्ट २०२४ला आला, ६ सप्टेंबरला बंद. दोन आठवडे. सगळ्यांचे पैसे परत, आणि ऑक्टोबर संपेपर्यंत तो बनवणारा स्टुडिओही बंद. बंदुका, हालचाली, चित्रं यांत तांत्रिक उणीव फारशी नव्हती. लोक तोच प्रकार दुसरीकडे फुकट खेळत होते, एवढंच.

त्याच ऑगस्टमध्ये चीनमधून ‘ब्लॅक मिथ: वूकाँग’ आला आणि तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या. साधारण १४० जणांचा स्टुडिओ, जुन्या चिनी कथेतला वानरराजा, आणि चिनी लोकांनी अभिमानाने मिरवलेला ‘आपला पहिला ट्रिपल ए’. तेव्हापासून आपल्याकडे प्रश्न सुरू झालाय: भारताचा पहिला ट्रिपल ए कधी? पुराणकथांवरच्या गेमचे चकचकीत टीझर अधूनमधून येतात आणि खाली लोक तिरंगे टाकतात. टीझर दोन मिनिटांचा असतो, तो पाच-दहा जण काही महिन्यांत बनवू शकतात. अशा वेळी ते तीन आकडे विचारून पाहावेत. पूर्ण वेळ किती माणसं आहेत? किती वर्षांचा पगार बँकेत आहे? आणि परतफेडीला किती प्रती लागतील, त्या घेणार कोण? भारतात फोनवर फुकट खेळणारे कोट्यवधी आहेत, पण पाच हजार रुपये मोजून कन्सोलवर गेम घेणारे फार थोडे. म्हणजे असा गेम पहिल्या दिवसापासून परदेशी खेळाडूसाठी आखावा लागेल. वूकाँगला ती अडचण नव्हती, त्याचं मोठं गिऱ्हाईक घरातच होतं.

दरम्यान पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ काढलाय. मूठभर माणसं, राजस्थानी महाल, पुराणातले असुर, पाच-सहा तासांत संपणारी गोष्ट. ट्रिपल एच्या जवळपासही नाही. सेलमध्ये काही शे रुपयांत मिळतो, आणि तो चालवायला नवा पीसी लागत नाही.